चांदीची काडेपेटी : तालीम, पाठांतर आणि अर्थ



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा नेहमीच्या काही श्रोत्यांनी विचारलं, "फ्रीमेसन लोकांच्या बंद दाराआड काय चालतं, यावर तुम्ही काय बोलणार? तुम्ही त्यातले आहात का?" ते आधी सांगून टाकतो. आम्ही त्यातले नाही. त्यांचे विधी आम्ही पाहिलेले नाहीत, आणि बाहेरच्या माणसाला ते पाहता येतही नाहीत. पण ज्या मजकुराचं ते पाठांतर करतात तो आज पुस्तकरूपात उघड विकत मिळतो. त्यांच्या संस्थांचा इतिहास छापलेला आहे. लंडनच्या त्यांच्या मुख्य सभागृहात पर्यटकांनाही फिरवून आणतात. तेव्हा गुपितं फोडायची म्हटली तरी आता फारशी उरलेली नाहीत. जागतिक कटाच्या गोष्टी ऐकायला जे आले असतील, त्यांची आज निराशा होईल. (हशा)

आम्हाला बोलायचंय ते तालमीबद्दल. नाटकाची समीक्षा होते, गाण्याची होते, कीर्तनाचीही होते. तालमीची समीक्षा सहसा कोणी करत नाही. आणि इथे तर एक अशी संस्था आहे जिचं सगळं काम तालीम हेच आहे. प्रयोग दुसरीकडे, दुसऱ्यांनी करायचा. हिने फक्त सराव घ्यायचा, चुका दाखवायच्या आणि शब्द जपायचे. इंग्रजीत अशा मंडळाला ‘लॉज ऑफ इन्स्ट्रक्शन’ म्हणतात. आपण सोयीसाठी ‘सराव-लॉज’ म्हणू.

आधी हे काय असतं ते थोडक्यात पाहू. फ्रीमेसन लोकांच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात. नवा माणूस तिथे तीन पायऱ्यांनी आत येतो, आणि प्रत्येक पायरीला एक विधी असतो. हा विधी म्हणजे जवळजवळ नाटकच. मास्टर, दोन वॉर्डन, दोन डीकन, दाराच्या आत उभा राहणारा एक, दाराबाहेर उभा राहणारा एक, अशी पात्रं ठरलेली. कोण कुठे बसणार, कुठून कुठे चालणार, वळताना काटकोनात वळणार, हे ठरलेलं. संवाद ठरलेले. पार्श्वभूमी शलमोन राजाच्या मंदिराच्या बांधकामाची, आणि उपकरणं गवंड्याची. गुण्या, ओळंबा, पाणसळ, छिन्नी, हातोडा, दोन फुटी पट्टी. प्रत्येक हत्याराला एक नैतिक अर्थ जोडलेला. ओळंबा म्हणजे सरळपणा, पाणसळ म्हणजे समता. पट्टीचे चोवीस इंच म्हणजे दिवसाचे चोवीस तास, ते प्रार्थना, काम आणि विश्रांती यांत कसे वाटायचे याची आठवण.

हे सगळं तोंडपाठ म्हणायचं असतं. आणि म्हणणारे कोण? वकील, दुकानदार, शाळामास्तर, निवृत्त कारकून. नट नव्हेत. शिवाय यंदा जो दारावर उभा आहे तो पुढच्या वर्षी डीकन होणार, मग वॉर्डन, मग मास्टर. म्हणजे दरवर्षी नवी भूमिका, नवे संवाद. म्हणून सराव-लॉज लागते. काही सराव-लॉज एकाच लॉजपुरत्या असतात, काहींत आसपासच्या अनेक लॉजांतली मंडळी एकत्र जमतात. खऱ्या उमेदवाराला तिथे दीक्षा मिळत नाही. सदस्यांपैकीच कोणी उमेदवार होतो, कोणी मास्टर होतो, आणि विधी चालवून पाहतात. या उमेदवाराकडे आपण शेवटी परत येणार आहोत, तेवढं लक्षात ठेवा.

या प्रकारातली सर्वांत नावाजलेली संस्था म्हणजे लंडनची ‘एम्युलेशन लॉज ऑफ इम्प्रूव्हमेंट’. २ ऑक्टोबर १८२३ रोजी तिची पहिली सभा झाली. आज ती ग्रेट क्वीन स्ट्रीटवरच्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये भरते. ऑक्टोबर ते जून, दर शुक्रवारी संध्याकाळी. दिवसभराचं काम आटोपून लोक येतात आणि शब्दन् शब्द बरोबर म्हणायचा प्रयत्न करतात. चूक झाली की समितीचा एक सभासद ती तिथल्या तिथे सुधारतो. बाकीच्यांनी गप्प बसायचं. आपल्याकडे कसं, एक अडला की दहा जण विंगेतून सांगायला लागतात. तसं तिथे चालत नाही.

आणि एखाद्याने अख्खा विधी एकही दुरुस्ती करावी न लागता पार पाडला, तर त्याला चांदीची काडेपेटी मिळते. म्हणजे काडेपेटीवर बसवायचं चांदीचं कवच. ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली आहे. सिगारेट ओढणारे आता उरले नाहीत, काडेपेटीही कोणी खिशात बाळगत नाही, पण बक्षीस तेच आहे. ही काडेपेटी आम्हाला आजच्या विषयाचं सार वाटते. वस्तूचा उपयोग संपलाय, पण ती मिळवण्यासाठी माणसं वर्षानुवर्षं घोकतायत. हा वेडेपणा आहे, की यात काही शहाणपण आहे?

आता थोडा इतिहास, कारण समीक्षेचा पहिला मुद्दा त्यातूनच निघतो.

लंडनमध्ये पहिली ग्रँड लॉज १७१७ साली निघाली असं मानतात. १७५१ मध्ये तिला प्रतिस्पर्धी दुसरी निघाली. नव्या मंडळींनी स्वतःला ‘प्राचीन’ म्हणवून घेतलं आणि जुन्यांना ‘आधुनिक’ म्हणून हिणवलं. (हशा) हो, वाद घालायची ही रीत आपल्यालाही परकी नाही. साठेक वर्षं भांडण चाललं. शेवटी २७ डिसेंबर १८१३ रोजी दोन्ही एक झाल्या. त्या वेळी दोन्हींचे प्रमुख होते राजा तिसरा जॉर्ज याचे दोन मुलगे, ड्यूक ऑफ ससेक्स आणि ड्यूक ऑफ केंट. सख्खे भाऊ. घरातलं भांडण घरातच मिटलं म्हणायचं.

मिटलं खरं, पण दोन्हीकडचे विधी वेगळे होते. ते एक करायला ‘लॉज ऑफ रिकन्सिलिएशन’ नेमली गेली. तिने ठरवलेले विधी करून दाखवले आणि १८१६ मध्ये ग्रँड लॉजने ते मान्य केले. पण लिहून ठेवायची मनाई! विधी शपथेखालचा, कागदावर आणायचा नाही. म्हणजे मान्य झालं ते एक सादरीकरण. पाहणाऱ्यांनी ते डोक्यात घेऊन जायचं आणि आपापल्या गावच्या लॉजांना शिकवायचं.

कल्पना करा. दोन पक्षांत साठ वर्षं वाद झालेला मजकूर, आणि तडजोडीची प्रत कुठेच नाही.

मग जे व्हायचं तेच झालं. त्या प्रक्रियेतल्याच मंडळींनी १८१७ मध्ये ‘स्टॅबिलिटी’ नावाची सराव-लॉज काढली. १८२३ मध्ये ‘एम्युलेशन’ निघाली. पीटर गिल्क्स या विख्यात शिक्षकाने १८२५ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८३३ पर्यंत, तिला वळण लावलं. दोन्हींचा दावा एकच, की आम्ही १८१६ चे शब्द जसेच्या तसे जपले. आणि दोन्हींचे शब्द सगळीकडे जुळत नाहीत. एकाच उगमापासून निघालेल्या, दोघांनीही काटेकोर जपलेल्या दोन परंपरा, आणि त्या वेगळ्या. ब्रिस्टल शहराची तर तऱ्हाच निराळी; तिथल्या लॉजांनी आपली जुनी पद्धत बरीचशी टिकवून ठेवली. इंग्लंडमध्ये आजही एकच सक्तीचा विधी नाही. निरनिराळ्या ‘वर्किंग्ज’, म्हणजे घराणी म्हणा हवं तर, शेजारीशेजारी नांदतात.

इथे आमचा पहिला आक्षेप. अचूकतेचा दावा करायचा तर ती तपासायची सोय हवी. आपल्याकडची वेदपाठशाळा आठवा. तिथेही लेखनाऐवजी कंठावर भर. पण तिथे मजकूर जपायची युक्ती मजकुरातच बसवलीय. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ. घनपाठात शब्द कसे येतात? एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. पुढे सरकायचं आणि परत तसंच. एक शब्द जरी निसटला तरी साखळी लगेच अडखळते. म्हणजे चूक पकडायला बाहेरचा माणूस लागत नाही, रचनाच चूक पकडते. २००३ साली युनेस्कोने वेदपठणाच्या परंपरेची दखल घेतली, ती केवळ तिच्या जुनेपणामुळे नव्हे.

सराव-लॉजमध्ये तशी रचना नाही. तिथे चूक पकडते समिती. आणि समितीची आठवणच सरकली तर? ती चूक उद्याचा पाठ होते. चाळीस वर्षांनी ती चूक दुरुस्त करायला जाणाराच चुकीचा ठरतो. ‘आमच्याकडे पूर्वीपासून असंच आहे’ हे वाक्य जिथे शेवटचा पुरावा असतं, तिथे अचूकता म्हणजे फक्त एकमत. एम्युलेशनच्या समितीने अधिकृत पुस्तक छापायला संमती दिली ती १९६९ साली. १८२३ पासून मोजा, १४६ वर्षं! त्याआधी छापील पुस्तकं नव्हती असं नाही. सॅम्युएल प्रिचर्ड नावाच्या माणसाने १७३० मध्येच ‘मेसनरी डिसेक्टेड’ छापून विधी चव्हाट्यावर मांडला होता. गंमत अशी, की इतिहासकारांच्या मते ती पुस्तिका विकत घेणाऱ्यांत स्वतः मेसन मंडळीही होती. पाठांतराला सोपी पडते म्हणून! (हशा) म्हणजे गुपित फोडणाऱ्यानेच पाठ्यपुस्तक पुरवलं.

आता दुसरा आक्षेप, आणि तो जास्त जवळचा आहे. काडेपेटी कशासाठी मिळते? एकही दुरुस्ती करावी लागली नाही म्हणून. म्हणजे मोजलं काय जातं? शब्द. आवाजातला भाव नाही, समजून म्हटलं की न समजता तेही नाही, ऐकणाऱ्याच्या मनात काही हललं का तेही नाही. या गोष्टी मोजता येत नाहीत, हे मान्य. पण जे मोजता येतं तेवढंच बक्षिसाला धरलं, की हळूहळू लोक तेवढ्यासाठीच मेहनत करू लागतात. आपल्या परीक्षांचं काय झालं ते आपण पाहतोच आहोत.

आपल्या घरातलं उदाहरण घ्या. गणपतीच्या आरतीत सापाचा अर्थ असलेला एक शब्द आहे, त्याची घराघरांत ‘फळी’ होते. संकटाची ‘संकष्टी’ होते. टाळ्या जोरात, सूर चढलेला, आणि फळीवर नक्की कोणाला वंदन चाललंय याची कोणाला फिकीर नाही. (हशा) आम्ही स्वतः वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत फळीच म्हणत होतो. आता विचार असा करा, की एम्युलेशनची समिती आपल्या आरतीला येऊन बसली तर फळी एका मिनिटात जाईल. पण टाळ्या वाजवणाऱ्या त्या पोरांचा उत्साह टिकेल का? आणि उलट, एम्युलेशनच्या शुक्रवारात आपल्या आरतीतला जीव येईल का? अचूक पण निर्जीव की चुकीचं पण जिवंत, असा प्रश्न लोक मांडतात. आम्हाला तो प्रश्नच खोटा वाटतो. का ते सांगतो.

आम्ही तरुणपणी हौशी नाटकं केली. एका प्रयोगात आमच्या नायकाचे संवाद पाठ नव्हते. प्रॉम्प्टर एवढ्या जोरात सांगत होता, की पहिल्या चार रांगांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येत होतं. नायकाला आम्ही नंतर बोललो, तर तो म्हणाला, "भाव तर होता ना!" भाव होता हो. पण भाव त्याचा होता आणि प्रयोग प्रेक्षकांचा. त्यांचं नाटक त्याने बिघडवलं.

सराव-लॉजचा खरा बचाव इथे आहे, आणि तो काडेपेटीपेक्षा खूप मोठा आहे. लॉजमध्ये आत येणारा उमेदवार पहिला विधी आयुष्यात एकदाच अनुभवतो. त्याचे डोळे बांधलेले असतात. त्याला दिसत काही नाही, फक्त ऐकू येतं. कोणीतरी हाताला धरून चालवतंय, कोणीतरी प्रश्न विचारतंय. अशा वेळी मास्टर अडखळला, कागद चाळू लागला, दोघांत कुजबुज सुरू झाली, तर त्या माणसाचा तो एकमेव क्षण गेला. परत मिळत नाही. मग तालमीतली अचूकता ही मिरवायची वस्तू राहत नाही. डोळे बांधून विश्वासाने उभ्या राहिलेल्या परक्या माणसाशी दाखवलेलं ते सौजन्य होतं. लग्नात भटजी मंत्र विसरले तर त्यांचं काही जात नाही, पुढच्या मुहूर्ताला ते दुसरीकडे असतात. पण बोहल्यावरच्या दोघांचा मुहूर्त तो एकच असतो.

म्हणून आम्ही म्हणतो, अचूकता की जिवंतपणा हा प्रश्न खोटा. खरा प्रश्न असा, की अचूकता कोणासाठी? स्वतःच्या काडेपेटीसाठी, की समोरच्याच्या एका संध्याकाळीसाठी?

हाच प्रश्न घेऊन आता दोन प्रसंग पाहू. पहिला १९८६ चा.

जुन्या विधीत शपथ घेताना उमेदवार भयंकर शारीरिक शिक्षा स्वतःवर ओढवून घेत असे. गुपित फोडलं तर माझं असं असं होवो, अशा अर्थाचं. प्रत्यक्षात कोणी कोणाला काही करत नव्हतं. जुन्या काळची अतिशयोक्ती होती ती. पण धर्मग्रंथावर हात ठेवून माणूस ते शब्द उच्चारत होता. संस्थेतल्याच काहींना ते बोचू लागलं. देवासमोर आपण जे म्हणतो ते खरं मानून म्हणायचं, की नुसतं म्हणायचं? १९६४ मध्ये सौम्य पर्यायी शब्द वापरायला मुभा मिळाली. जून १९८६ मध्ये इंग्लंडच्या संयुक्त ग्रँड लॉजने त्या शिक्षा शपथेतून काढूनच टाकायचं ठरवलं. विधीत पुढे त्यांचा उल्लेख राहिला, पण परंपरेतली एक जुनी गोष्ट म्हणून. शपथ म्हणून नव्हे.

बघा, शब्द हलवायचा नाही यावर ज्यांची सगळी तालीम उभी, त्यांनाच शब्द बदलावे लागले. आणि आभाळ कोसळलं नाही. लोक पुन्हा घोकायला बसले. आमच्या मते त्या संस्थेच्या आधुनिक इतिहासातला हा सर्वांत प्रामाणिक क्षण असावा. कारण त्या दिवशी कोणीतरी मान्य केलं, की हे शब्द फक्त बरोबर म्हणायचे नसतात, त्यांना अर्थही आहे आणि तो आपल्यावर बंधनकारक आहे. अर्थ नसता तर बदलायची गरजच पडली नसती.

दुसरा प्रसंग आपल्या देशातला आहे, आणि तो इतका सुखाचा नाही.

पाणसळ म्हणजे समता, हे आपण पाहिलं. राजा असो की हमाल, लॉजमध्ये सगळे एका पातळीवर. हे शब्द अठराव्या शतकात इंग्रजांबरोबर भारतात आले आणि कोलकाता, मद्रास, मुंबईच्या लॉजांत म्हटले जाऊ लागले. पण मुंबईत माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थाला आत यायचं होतं, तेव्हा दार उघडेना. त्यांना शेवटी पॅरिसमध्ये जाऊन दीक्षा घ्यावी लागली. पुढे जेम्स बर्न्स या कंपनीच्या नोकरीतल्या स्कॉटिश डॉक्टरने पुढाकार घेतला आणि १८४३ मध्ये मुंबईत स्कॉटलंडच्या सनदेखाली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज निघाली, भारतीयांना घेण्यासाठी. हिंदूंचा प्रश्न त्यानंतरही भिजत पडला. कोलकात्याच्या प्रसन्नकुमार दत्त यांनी इंग्लिश सनदेखालच्या लॉजमध्ये यायला अर्ज केला १८६३ मध्ये आणि प्रवेश मिळाला १८७२ मध्ये. नऊ वर्षं. हिंदूंचा देव एक की अनेक, त्यांची शपथ धरायची कशी, जातपात मानणारा माणूस बंधुत्व कसं पाळणार, अशा शंका निघाल्या. शेवटची शंका अगदीच निराधार होती असं आपणही छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. पण विचारणारे कोण होते, हेही पाहायला हवं. पुढे त्याच ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये १८८४ साली नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण दाखल झाला. पुढचे स्वामी विवेकानंद.

आम्ही इथे थांबतो आणि विचारतो, त्या नऊ वर्षांत कोलकात्याच्या लॉजांत समतेचे शब्द म्हटले जात नव्हते का? जात होते. सभा भरत होत्या, हत्यारांचे अर्थ सांगितले जात होते, आणि दाराबाहेर एक माणूस अर्ज हातात घेऊन उभा होता. त्या दाराच्या बाबतीत समिती सुधारायला उठली नाही, कारण शब्द चुकला नव्हता. सराव-लॉजच्या पद्धतीची मर्यादा याहून स्पष्ट कशी दिसणार? उच्चाराची चूक तिला ऐकू येते. आचाराची चूक तिच्या कानाच्या टप्प्याबाहेर आहे.

आणि हे नुसतं त्यांच्याबद्दल बोलतोय असं समजू नका. समतेचे अभंग आपल्याकडे शेकडो वर्षं म्हटले जातात, शुद्ध म्हटले जातात, टाळाच्या ठेक्यात एक मात्रा इकडची तिकडे होत नाही. पंढरपूरच्या देवळात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावं लागलं. पाठांतर कधीच कमी पडलं नव्हतं.

मुंबईत जन्मलेल्या किपलिंगला १८८६ मध्ये लाहोरच्या लॉजमध्ये दीक्षा मिळाली. त्याच्या ‘किम’ कादंबरीच्या सुरुवातीलाच लॉजसाठी ‘जादूघर’ हा तिथला शब्द येतो. त्याची ‘द मॅन हू वुड बी किंग’ ही कथा आपल्यापैकी काहींनी वाचली असेल, काहींनी १९७५ चा सिनेमा पाहिला असेल. त्यात दोन भटके इंग्रज काफिरिस्तानात जाऊन राज्य मिळवतात, आणि त्यात त्यांना लॉजच्या खुणांचा मोठा उपयोग होतो. परवानगी नाही, देखरेख नाही, तरी ते स्वतःच लॉज भरवतात आणि एक जण सर्वोच्च पद घेऊन बसतो. त्यांच्यातलाच दुसरा म्हणतो की हे नियमाविरुद्ध आहे, पण कोण ऐकतो? शेवट काय होतो ते सांगत नाही. आमचा मुद्दा एवढाच, की विधीवर नजर ठेवणारं कोणी नसलं की विधी सत्तेचं हत्यार होतो. तेव्हा ती शुक्रवारची कंटाळवाणी समिती, ती दुरुस्त्या करणारी मंडळी, अगदीच निरुपयोगी नाहीत. कोणालाही स्वतःच्या मनाने शब्द फिरवता येऊ नयेत, यात एक लोकशाही शिस्त आहे. आमची तक्रार इतकीच, की ती नजर शब्दांशी थांबते.

आता त्या उमेदवाराकडे परत येऊ.

सराव-लॉजमध्ये खरा नवखा माणूस नसतो. मग नवख्याचं काम कोण करतं? आधीच सगळं माहीत असलेला सदस्य. कधी कधी पंचवीस-तीस वर्षं जुना, मास्टर होऊन गेलेला माणूस. तो दाराबाहेर जाऊन उभा राहतो. परत आत येतो. त्याला हाताला धरून चालवतात, प्रश्न विचारतात, आणि उत्तर त्याला माहीत असूनही डीकनने सांगितल्यावरच तो ते म्हणतो. तिशीतला नवा मास्टर त्याला उपदेश करतो, आणि पांढऱ्या केसांचा तो गृहस्थ निमूट ऐकतो.

या भूमिकेला बक्षीस नाही. तिथे पाठांतर जवळजवळ लागत नाही. पण आम्हाला विचाराल तर सगळ्या तालमीतली ही सर्वांत महत्त्वाची जागा आहे. कारण सगळं कळलेल्या माणसाने पुन्हा काही न कळलेल्याच्या जागी उभं राहायचं, हे तिथे शिकायला मिळतं. तिथून विधी कसा ऐकू येतो? मास्टर घाईत आहे की सावकाश? हात धरणारा ओढतोय की आधार देतोय? शब्द बरोबर आहेत, पण ते माझ्याशी बोलले जातायत की माझ्या डोक्यावरून समितीकडे चाललेत? हे फक्त त्या जागेवरून कळतं. समितीच्या खुर्चीवरून नाही.

आणि आम्हाला राहून राहून वाटतं, कोलकात्याच्या त्या मंडळींपैकी कोणी तालमीत उमेदवार म्हणून दाराबाहेर उभा राहिला असताना क्षणभर खरंच असा विचार केला असता, की हे दार उघडलंच नाही तर? तर नऊ वर्षं लागली नसती कदाचित. इंग्लंडच्या संयुक्त ग्रँड लॉजमध्ये आजही स्त्रियांना प्रवेश नाही. स्त्रियांची स्वतंत्र संघटना इंग्लंडमध्ये १९०८ पासून आहे, त्यांच्या लॉज वेगळ्या. तेव्हा दाराबाहेर कोण उभं आहे, हा प्रश्न संपलेला नाही.

सारांश सांगून थांबतो. सराव-लॉज ही गंभीर, कष्टाची आणि आदर वाटावा अशी गोष्ट आहे. थकलेली माणसं कामावरून येऊन एकमेकांच्या चुका न रागावता सुधारतात, हे आजच्या दिवसांत थोडं नाही. तिचा अपरिवर्तनीयतेचा दावा आम्हाला पटत नाही, कारण तिच्या स्वतःच्या इतिहासात तो टिकत नाही. तिचं बक्षीस आम्हाला अपुरं वाटतं, कारण ते चुकीच्या खुर्चीला मिळतं. चांदीची काडेपेटी द्यायचीच असेल तर महिन्यातून एकदा त्या उमेदवाराला विचारून द्यावी, की आज आत येताना तुम्हाला कसं वाटलं?

हाच प्रश्न आपल्या पाठशाळांना, भजनी मंडळांना, नाटकाच्या तालमींना आणि हो, असल्या व्याख्यानांनाही लागू आहे. (हशा)

व्याख्यानानंतर एका श्रोत्या ताईंनी विचारलं, "मग पाठांतर सोडून कागद बघून वाचलं तर काय बिघडलं? अर्थाकडे लक्ष तरी राहील." त्यावर आम्ही म्हणालो ते इथे जोडतो. ताई, कागद बघणाऱ्याचे डोळे कागदावर असतात. पाठ असलेल्याचे डोळे मोकळे असतात, ते समोरच्या माणसाकडे बघू शकतात. पाठांतराचा खरा फायदा तोच. आता मोकळे झालेले डोळे समोरच्याकडे वळतात की समितीकडे, एवढंच काय ते आपल्या हातात आहे.